डावं पेडल

“निळ्या पिशवीत सात लिंबं आणि एक,” इथवर माझा नवरा वाचत आला, खोकला, आणि कॉम्प्युटर बंद पडला. स्क्रीन काळी झाली असं मी नंतर दुरुस्तीवाल्याला फोनवर सांगितलं, पण ते तितकंसं खरं नाही. स्क्रीन मागाहून काळी झाली. आधी आवाज गेला. सीपीयूतल्या पंख्याची ती बारीक घरघर, जी चालू असताना मला कधी ऐकू येत नाही, ती गेली आणि खोली एकदम मोठी झाली. हेडफोनमध्ये त्याचा श्वास होता. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्याचा श्वास त्याहून जवळ, थेट कानाच्या आत होता. तोही गेला. मी हेडफोन काढून वळले. तो माइकसमोर स्टुलावर तसाच होता, पुढचा शब्द तोंडात धरून. “चेंडू,” तो म्हणाला. “सात लिंबं आणि एक चेंडू. असली पिशवी कोण घेऊन फिरतं कोण जाणे. पुन्हा पहिल्यापासून?” मी मान हलवली. त्याने पाण्याचा घोट घेतला, गिळताना डोळे घट्ट मिटले, आणि मला टेबलाखालच्या त्या काळ्या डब्याला लाथ घालावीशी वाटली.

येत्या सोमवारी त्याचं स्वरयंत्र काढणार आहेत. पूर्ण. त्यानंतर तो जगेल, खाईल, फिरेल, पण बोलणार नाही. हॉस्पिटलात वाचा-उपचाराच्या एक बाई आहेत, तरुण आणि फार हसऱ्या. त्यांनी आम्हाला एक प्रोग्राम दिला. ठरलेली वाक्यं त्याने आपल्या आवाजात वाचायची, प्रोग्राम त्यांचे तुकडे करून ठेवतो, आणि पुढे तो जे टाइप करेल ते त्या तुकड्यांतून जोडून त्याच्याच आवाजात बोलतो. वाक्यं जितकी जास्त तितका आवाज खरा. लिंबांचा आणि चेंडूचा तसा काही संबंध नाही, भाषेतले सगळे ध्वनी यावेत म्हणून कोणीतरी ती जुळवलीत. वाक्यांचा एकेक संच संपला की तो जमा होतो. मधेच मशीन बंद पडलं तर तो संच गेला. फोनवर करून चालत नाही, माइक तोच हवा, खोली तीच हवी. आणि त्याचा आवाज आता सकाळी चहानंतर थोडाच वेळ नीट असतो, मग त्याला चरे पडायला लागतात. म्हणजे मशीन बंद पडलं की त्या दिवसाचा आवाजही गेला, आणि सोमवार काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

स्वरयंत्र पूर्ण काढणे. हे शब्द मी कितीतरी वेळा टाइप केलेत. माझं काम तेच आहे, हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकायचं आणि अक्षरांत उतरवायचं. डॉक्टर आपले अहवाल बोलून ठेवतात, कंपन्यांच्या बैठकांत लोक तासन्‌तास बोलतात, आणि मी घरात बसून ते सगळं टाइप करते. हात कीबोर्डवर आणि पाय पेडलवर. ते पेडल चपटं असतं, जमिनीवर ठेवायचं, त्याला तीन भाग. मधला दाबला की माणूस बोलायला लागतो, सोडला की गप्प बसतो. उजवा त्याला पुढे पळवतो. डावा दाबला की तो मागे जातो आणि तेच पुन्हा बोलतो. शब्द नीट लागला नाही, माणूस अडखळला, खोकल्याखाली काही दबून गेलं, की डावा. हे डोक्याने करायचं नसतं, पायच करतो. वर्षानुवर्षं मी दिवसभर अशी अर्धवट झोपेत असल्यासारखी बसले आहे. अनोळखी माणसं कानात येतात, बोलतात, मी त्यांना मागे नेते, ती मुकाट्याने मागे जातात. खोकला टाइप करायचा नाही असा आमच्या कामाचा नियम आहे. माझ्या कागदांवर कोणी खोकत नाही, कोणाचा गळा दाटून येत नाही, बोलता बोलता थांबून कोणी खिडकीबाहेर बघत बसत नाही. ‘रुग्ण शुद्धीवर. श्वास मानेतील छिद्रातून. बोलणे नाही.’ बोलणे नाही, पूर्णविराम, आणि मी उठून कपडे वाळत घालायला जायची. त्या रुग्णांच्या बायका तेव्हा कुठे बसल्या असतील, हे माझ्या मनात कधी आलं नाही. आता दुसरं काही येतच नाही.

रेकॉर्डिंगसाठी माझ्या कामाच्या खोलीचं आम्ही अंथरूण करून टाकलं. खिडकीला दोन रजया, दाराला एक, भिंतीला जुन्या गाद्या टेकवलेल्या. उजेड त्या रजयांच्या लाल अस्तरातून गाळून येतो आणि सकाळची वेळ असूनही आत दुपारच्या झोपेसारखं वाटतं. घड्याळ बाहेर गेलं. यूपीएस सारखा गुणगुणतो, तोही बाहेर गेला आणि कॉम्प्युटरची पिन साध्या एक्स्टेन्शन बोर्डात आली. माझं पेडल ड्रॉवरमध्ये गेलं, कारण त्याचा टक असा आवाज होतो आणि माइक फार तिखट कानाचा आहे. पायाखाली रिकामी जागा राहिली, तिथे तो बोर्ड सरकवला. इतकी सगळी तयारी करून आम्ही बसलो आणि मशीनने पहिल्याच दिवशी दगा दिला. मग दुसऱ्या दिवशी. मधे एखादा संच नीट पार पडायचा, आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो, आणि पुढचा अर्ध्यावर असताना पुन्हा तो खड्डा, पंख्याची घरघर नाही, श्वास नाही, काही नाही. मी डोळे मिटले तरी मला तो खड्डा ऐकू यायला लागला. भाजी निवडताना, आंघोळीचं पाणी काढताना मी कान देऊन उभी राहायची, घरातलं आणखी काय बंद पडतंय ते ऐकत.

दुरुस्तीवाला आला तो हसतच. त्याने फार पूर्वी माझ्या नवऱ्याकडे गाडी शिकली होती. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, त्यामुळे अर्ध्या गावाला तो मास्तर. “वहिनी, अहो ही धूळ बघा,” सीपीयूचं झाकण उघडून तो म्हणाला, “यात कोथिंबीर उगवेल. तापतंय बिचारं, म्हणून बंद पडतं.” त्याने ब्रशने आतलं सगळं झाडलं, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. दुसऱ्या दिवशी मशीन चकाचक होऊन बंद पडलं. मग त्याने वीजपुरवठ्याचा आतला डबा बदलला, वायरी ओढून पाहिल्या, माझ्या खुर्चीत बसून बराच वेळ काहीबाही चालवलं. मशीन आपलं शहाण्यासारखं चालू. “मास्तर, तुम्ही बोला बरं माइकमध्ये,” तो म्हणाला. मी दारात उभी होते. “क्लच सोड हळू, गाढवा,” मास्तर आपल्या उरलेल्या आवाजात म्हणाले, आणि तो मोठा माणूस असा काही हसला की त्याचे डोळे भरून आले. तरी मशीन चालूच. “हे बघा, ठणठणीत आहे.” मी म्हणाले, “मी बसले की बंद पडतं.” “मग तुमचं आणि त्याचं पटत नसेल, वहिनी.” जाताना तो सीपीयू दुकानात घेऊन गेला, तिथे मशीन दिवसभर चाललं, आणि संध्याकाळी परत आणून ठेवताना त्याने मास्तरांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

ज्या दिवशी मशीन दुकानात होतं त्या दिवशी आम्ही उगाच गाडीतून फेरी मारली. गाडी तो अजून चालवतो. रस्त्यावर फार कोणी नव्हतं, कापसासारखं ऊन पडलं होतं, आणि तो बोलत नव्हता, आवाज जपून ठेवत होता. लग्न झाल्या झाल्या त्याने मलाही गाडी शिकवायचा घाट घातला होता. शिकवणीच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि प्रत्येक शिकाऊला तो पहिल्या दिवशी तेच सांगायचा, “घाबरायचं नाही, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे.” मला त्याचा आवाज किती आवडला होता तेव्हा. तो ओरडायचा नाही, शब्द असा पुढ्यात आणून ठेवायचा. पण मला समोर काही आलं की थांबावंसं वाटायचं, काही नाही आलं तरी थांबावंसं वाटायचं, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खायच्या. शेवटी मी हात जोडले. तेव्हापासून मी बाजूच्या सीटवर बसते आणि तिथून थांबवते. वळण आलं, ट्रक आला, कुत्रं आडवं आलं, की माझा पाय खालच्या रबरी चटईवर दाबला जातो. एका जागी ती चटई झिजून तिला भोक पडलंय. पाहुण्यांना तो ते भोक दाखवायचा. “आमची गाडी दोघं मिळून थांबवतो,” म्हणायचा, “म्हणून ब्रेक इतके टिकले.” त्या दिवशी मी खाली बघितलं, भोकातून गाडीचा पत्रा दिसत होता, आणि माझ्या मनात आलं की ही चेष्टा आता पुढे कोण करणार. मशीन करेल का? पाहुणे आल्यावर तो टाइप करेल, आणि सगळे थांबतील, आणि हसायची वेळ निघून जाईल. मला एकदम इतकं रडू आलं की मी काच खाली केली. त्याने बघितलं आणि गाडी जरा हळू केली, बस्स.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. तो त्या दिवशी छान वाचत होता. ‘तुमचं मागचं दार उघडं राहिलंय.’ ‘छत्रीवाल्या म्हाताऱ्याने घोड्याला झाडाखाली बांधलं.’ मी डोळे अर्धवट मिटून ऐकत होते, लाल उजेड पापण्यांतून येत होता, आणि क्षणभर मी ऐकणारी राहिले नाही, ऐकू येणं तेवढं राहिलं. तो घोडा, ते झाड, तो म्हातारा सगळे त्याच्या आवाजात उभे होते आणि त्यांना काही होणार नव्हतं. संच संपत आला. मग आवाजाला चरा पडला, एक शब्द खरवडला गेला, तो खोकला, आणि घरघर गेली.

मी हेडफोन ओढून टेबलावर आपटले. “फेकून देणार आहे मी हे,” मी ओरडले, “आत्ता. खिडकीतून. नवीन आण, कुठूनही आण, मला काही सांगू नकोस!” तो खाली बघत होता. मग त्याने बोट खाली केलं.

“पाय,” तो म्हणाला.

“काय पाय?”

“तुझा. डावा.”

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. माझा डावा पाय चपलेतून बाहेर येऊन एक्स्टेन्शन बोर्डावर होता. बोटं पांढरी पडेपर्यंत बोर्डाच्या कडेवर दाबलेली, आणि त्यामुळे बोर्डाची दुसरी कड उचलली गेलेली, आणि त्या उचललेल्या बाजूची कॉम्प्युटरची पिन आपल्या भोकात तिरकी झालेली. मी पाय उचलला. बोर्ड खाली बसला, पिन सरळ झाली, बोर्डाचा लाल दिवा मधल्या काळात कधी विझलाच नव्हता, म्हणून तर कोणाला कळलं नाही. मी पुन्हा दाबलं, हाताने. आत कुठेतरी चर्र झालं. पेडल जिथे असायचं बरोबर तिथे तो बोर्ड होता, आणि त्याची ती कड बरोबर डावीकडे.

“मी खोकलो की दाबतेस,” तो म्हणाला. एकेक शब्द सुटा करून बोलत होता. “आधी खोकला, मग पाय, मग काळोख. जन्मभर लोकांचे पायच बघितलेत मी.”

“तुला कधी कळलं?”

“परवा.”

“परवा! आणि गप्प बसलास? तो दुरुस्तीवाला बिचारा डबा घेऊन हिंडतोय, मी इथे वेडी व्हायची वेळ आलीय,” मी टेबलाखालून वर येत म्हणाले. माझा संताप झाला होता, खराखुरा, आणि संताप होताना मला दिसत होतं की तो माझ्याकडे शिकाऊकडे बघावं तसा बघतोय, शांत.

“पाय बघ म्हटलं की शिकणाऱ्याचा पाय लाकूड होतो. म्हणून मी सांगत नाही.”

“मी तुझी शिकाऊ नाहीये! अरे, रोजचा आवाज वाया गेला तुझा. उरलाय किती?”

“वाया कुठे गेला?” तो म्हणाला. “तू ऐकत होतीस की.”

मी खुर्चीत बसले. पंखा बंद होता, रजयांमुळे रस्ता ऐकू येत नव्हता, आणि त्या शांततेत त्याचा श्वास थोडा शिट्टीसारखा वाजत होता. तो म्हणाला, “आणि खरं सांगू? बंद पडलं की मला बरं वाटायचं. अजून संपलं नाही म्हणून.” मग मी रडले, माझ्या कागदांवर कोणी रडत नाही तशी, आवाज करून, नाक पुसत. मला नको होतं ते. त्याचे तुकडे करून घ्यायला मी रोज सकाळी रजया लावत होते आणि माझा पाय मेला खाली बसून सांगत होता, मागे चल, मागे चल, खोकल्याच्या आधी चल. आधी म्हणजे कुठे, तेही त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. तो उठला, माझ्या पायाशी वाकला, वाकताना त्याला दम लागला, आणि बोर्ड उचलून त्याने टेबलावर ठेवला. मग ड्रॉवरमधून माझं पेडल काढलं. त्याची वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली होती. ती तशीच ठेवून, कशालाही न जोडता, त्याने ते माझ्या पायाखाली सरकवलं आणि माझा पाय धरून त्यावर ठेवला.

“आता दाब,” तो म्हणाला. “पाहिजे तेवढं दाब.”

“दाबून काय होणार?”

“काही नाही.”

त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. दुरुस्तीवाल्याला मी फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, “बघा, मी म्हणत होतो ना, मशीन ठणठणीत आहे,” आणि मग घाईघाईने, “मास्तरांना सांगा, मी येतोय सोमवारी.” ठरलेले सगळे संच काही झाले नाहीत, बरेचसे झाले. शेवटचा संच रविवारी सकाळी. तो वेगळा असतो, त्यात आपली आपली वाक्यं. हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं, घरात रोज लागणारं, तुकड्यांतून जोडलं तर नीट यायचं नाही असं काय ते अख्खं बोलून ठेवा, ते जसंच्या तसं राहील. मला वाटलं होतं तो काहीतरी मोठं बोलेल. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “चहात इतकी साखर कोणी घातली?” मग, “माझा चष्मा उचलून ठेवत जाऊ नकोस.” “फोन घे, तुझाच असणार.” “आमची गाडी दोघं मिळून थांबवतो.” “घाबरायचं नाही, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे.” प्रत्येक वाक्यानंतर प्रोग्राम विचारतो, ठेवायचं की पुन्हा घ्यायचं, आणि मी ठेवत गेले. माझा पाय पेडलवर होता. पेडलचा टक दोनदा रेकॉर्डिंगमध्ये गेला, तोही मी ठेवला.

मग त्याने कागद बाजूला केला आणि म्हणाला, “अगं.”

एवढंच. थांबला, आणि पुन्हा म्हणाला, “अगं?” आतल्या खोलीतून हाक मारावी तसं, वस्तू सापडत नसली की. मग “अगं!” रस्त्यात कोणी जुनं भेटलं की. मग दमून, “अगं...” मी खूप बोलायला लागले की. माझं नाव त्याने असं कधी फारसं घेतलं नाही, त्याला गरज पडली नाही. मी स्क्रीनकडे बघत होते. प्रत्येक हाकेसरशी त्याच्या आवाजाची हिरवी रेघ वर उठायची आणि खाली बसायची. शेवटचं त्याने अगदी हळू म्हटलं, झोप लागता लागता तो म्हणतो तसं, काही सांगायचं नसतं, फक्त मी आहे की नाही ते बघायचं असतं. आणि त्याच्यावरच खोकला आला. हाकेच्या शेवटाला लागून, वेगळा काढता येणार नाही असा. माझा पाय डावीकडे गेला आणि त्याने डावा भाग खालपर्यंत दाबला.

पंखा घरघरत होता. प्रोग्राम विचारत होता, ठेवायचं की पुन्हा. तोही विचारत होता, भुवया उंचावून. मी ‘ठेवा’वर क्लिक केलं. त्याने मान डोलावली, माइकजवळ सरकला आणि श्वास घेतला. मी डावं पेडल तसंच दाबून धरलं होतं, सगळा जोर लावून, आणि तो पुढचं वाक्य बोलायला लागला होता.